'उघड्या डोळ्यांनी तसंच दिसणार' : त्वचारोगतज्ज्ञांना खुलं पत्र

माननीय त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनो, तुमच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनो आणि नवे त्वचारोगतज्ज्ञ घडवणाऱ्या अध्यापकांनो,

सविनय नमस्कार.

माझी आई तळपायावरच्या मेलॅनोमानं, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगानं, गेली. तिचा डाग अकरा महिने कुरूप म्हणून वागवला गेला. आधी औषध लावून सोलला, मग ब्लेडनं तासला आणि शेवटी विजेनं जाळला. मी लेखी तक्रार केली होती. गेल्या महिन्यात त्या तक्रारीचं दोन पानी उत्तर आलं. त्यातलं एक वाक्य असं आहे : 'उघड्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीत असं निदान होणं स्वाभाविक होतं.' एवढ्यावर तक्रार निकालात निघाली.

ते वाक्य खोटं नाही, म्हणून तर गप्प बसवत नाही. मी कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. गेली १९ वर्षं सुट्या भागांची मापं तपासते. शेजारी मायक्रोमीटर असताना कुणी 'नजरेला ठीक वाटलं' म्हणून माल पास केला, तर त्याला पहिला प्रश्न येतो : साधन का नाही लावलंस? नजर चुकते, याबद्दल आमच्याकडे कुणी कुणाला बोल लावत नाही. पण नजर कितपत चुकते याचे आकडे समोर असताना नजरेवरच थांबलेला माणूस उत्तराला बांधील असतो. तुमच्या क्षेत्रात ते आकडे आहेत, आणि बरेच जुने आहेत.

आधी काय झालं ते सांगते.

आईच्या उजव्या तळपायावर, टाचेच्या थोडं पुढे, एक काळपट डाग होता. कधीपासून ते तिलाही सांगता येईना, स्वतःचा तळपाय रोज कोण बघतं? चालताना टोचतं म्हणून तिनं मला दाखवला. सवयीनं मी व्हर्नियर कॅलिपर लावला. ५.२ मिलिमीटर. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं, पट्टी शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढला. डॉक्टरांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "कुरूप आहे, आत रक्त साकळलंय म्हणून काळं दिसतंय." कॉर्न कॅप लिहून दिली. मी मापाचं बोलले तर म्हणाले, "सहा मिलिमीटरच्या आत आहे ना, मग काळजी नको."

चौथ्या महिन्यात ब्लेडनं तासलं. पाचव्या महिन्यात माझ्या वहीत ८.७ मिलिमीटर आहे आणि पुढे लिहिलंय, 'करंगळीच्या बाजूची कड पसरते आहे'. ती वही मी त्यांच्या टेबलावर ठेवली. ती उघडली गेली नाही. सातव्या महिन्यात कॉटरी केली, म्हणजे विजेनं जाळलं. चिमट्यात धरलेला नखाएवढा काळा तुकडा ट्रेमधल्या कापसावर ठेवला, आणि ड्रेसिंग झाल्यावर कापसासकट तो कचऱ्याच्या डब्यात गेला. मी तिथेच उभी होते. तो तुकडा तपासायला पाठवायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. ते ज्यांना ठाऊक असायला हवं, त्यांनी पाठवला नाही.

जखम भरेना, म्हणून अकराव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "जाळलं तेव्हा तुकडा पाठवला होता का?" मग त्यांनी खिशातून कातडी मोठी करून दाखवणारं एक छोटं यंत्र काढलं, डर्मोस्कोप. जखमेच्या कडेला उरलेल्या काळ्या रंगावर ते टेकवून त्यांनी मिनिटभर पाहिलं, आणि मग मलाही पाहू दिलं. तळपायाची कातडी आपल्या बोटांच्या ठशांसारखी असते, उंचवटे आणि खाचा एकाआड एक. उंचवट्यांवर घामाची छिद्रं पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमध्ये असतो. आईच्या कातडीवर तो उंचवट्यांवर होता, ठिपक्यांच्या दोन्ही बाजूंना, जाड तपकिरी पट्ट्यांसारखा. डॉक्टर म्हणाले, "उद्याच बायोप्सी करू."

रिपोर्टमध्ये मेलॅनोमाची जाडी ४.६ मिलिमीटर आली, वर व्रण, म्हणजे कातडी फुटून झालेली जखम. जांघेतल्या गाठीतही तो पोचला होता. दीड वर्षानं आई गेली.

अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलॅनोमा किती मिलिमीटर खोल गेलाय, यावर रुग्णाचं भवितव्य बरंचसं ठरतं. कर्करोगाचे टप्पे ठरवायच्या अमेरिकी पद्धतीच्या (एजेसीसी) आठव्या आवृत्तीनुसार, ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ, व्रण नसलेला आणि कुठेही न पसरलेला मेलॅनोमा असेल, तर पाच वर्षांनंतरही त्या आजारानं न दगावलेले रुग्ण ९९ टक्के असतात. जाडी ४ मिलिमीटरच्या वर आणि व्रण असेल, तर गाठीत पसरलेला नसतानाही तो आकडा ८२ वर येतो. गाठीत गेला की आणखी खाली. ०.८ मिलिमीटर म्हणजे किती, हे मला डोळे मिटूनही कळतं, रोज हाताळते मी ते माप. पहिल्या भेटीत आईच्या डागाची जाडी किती होती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तो तुकडा असता तर निदान सातव्या महिन्यातली जाडी तरी कळली असती.

आता माझ्या तक्रारी. त्या एका डॉक्टरांपुरत्या असत्या, तर हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिलं नसतं.

पहिली तक्रार उघड्या डोळ्यांबद्दल. कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या निदानावरचे जगभरचे अभ्यास एकत्र करून ताळा मांडला. रुग्ण समोर बसलेला असताना नुसत्या नजरेनं तपासलं तर १०० मेलॅनोमांपैकी साधारण ७६ पकडले जातात. त्याच तपासणीला डर्मोस्कोपची जोड दिली तर ९२. दोन्हीकडे निरुपद्रवी डागांपैकी ८० टक्के बरोबर ओळखले जातात, असं धरून केलेली ही तुलना आहे. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे सगळ्यांत जास्त आढळणारा त्वचेचा कर्करोग, त्यात हेच आकडे ७९ आणि ९३ आहेत. स्क्वेमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या आणखी एका कर्करोगाबद्दल तर ठाम काही म्हणावं इतके अभ्यासच त्यांना मिळाले नाहीत, आणि तोही काही दुर्मीळ आजार नाही. तळपायाचं म्हणाल, तर जपानच्या तोशिआकी सायदा यांच्या गटानं २००४ मध्येच प्रसिद्ध केलं होतं की उंचवट्यांवरचा तो समांतर रंग सुरुवातीच्या मेलॅनोमात ८६ टक्के वेळा सापडतो, आणि मेलॅनोमा नसलेल्या डागांपैकी ९९ टक्के डागांत तो दिसत नाही. तेव्हा आईला कुरूपसुद्धा झालेलं नव्हतं.

शंभरातले चोवीस नजरेतून सुटतात हे माहीत आहे, ते बरेच कमी करणारं साधन खिशात मावतं, आणि तरी ते सक्तीचं नाही. याला मी स्वाभाविक म्हणू शकत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. नुसतं यंत्र विकत घेऊन भागत नाही. २००२ मध्ये हॅरल्ड किटलर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात दिसलं होतं की प्रशिक्षण नसलेल्याच्या हातात डर्मोस्कोप दिला, तर निदान नुसत्या नजरेपेक्षा सुधारत नाही. आमच्याकडेही नवख्याच्या हातात मायक्रोमीटर दिला की तो रॅचेट सोडून थिंबलच आवळतो आणि चुकीचं माप आणतो. त्यावर उपाय त्याला शिकवणं हा असतो. मायक्रोमीटर कुणी कपाटात ठेवून देत नाही.

आणि 'प्रत्येक तीळ कापत बसायचं का?' या प्रश्नाचं उत्तरही त्याच ताळ्यात आहे. मेलॅनोमा पकडण्याचं प्रमाण दोन्हीकडे ८० टक्के धरलं, तर निरुपद्रवी डाग बरोबर ओळखून सोडून देण्याचं प्रमाण नजरेनं ७५ टक्के आणि डर्मोस्कोपनं ९५ टक्के येतं. म्हणजे उगाच चाललेली कापाकापीही कमीच होते.

दुसरी तक्रार त्या कचऱ्याच्या डब्याची. खरं तर हीच पहिली लिहायला हवी होती. डोळा चुकला तरी तुकडा तपासला गेला असता, तर आईला चार महिने मिळाले असते. जाळल्यानं, लिक्विड नायट्रोजननं गोठवल्यानं किंवा लेझर मारल्यानं डाग दिसेनासा होतो, पण त्याबरोबर पुरावाही जातो, आणि खाली काही उरलं असेल तर ते वणाखाली वाढत राहतं. रंग असलेला, वाढणारा, वर्षाच्या आत आकार बदललेला डाग तुकडा न काढता जाळणं ही गोष्ट तुमच्या एकाही पुस्तकात बसत नाही, हे मला तुमच्यापैकीच तिघांनी सांगितलं. मग ती इतक्या सहज कशी घडते? त्या खोलीत मी, आई, डॉक्टर आणि एक नर्स होतो. 'पाठवायचं ना?' असं विचारणं हे त्या चौघांपैकी कुणाचंच ठरलेलं काम नव्हतं.

तिसरी तक्रार, ज्या कातडीवर तुम्ही शिकता तिच्याबद्दल. आकारातली विषमता, कडा, रंग, ६ मिलिमीटरचा व्यास ही मेलॅनोमा ओळखायची ए-बी-सी-डीची यादी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये केली. उपयोगी आहे, लाखो लोकांना तिनं सावध केलं असेल. पण तळपाय, तळहात आणि नखांखालचे मेलॅनोमे त्या यादीत नीट बसत नाहीत, आणि काळ्या-सावळ्या लोकांत मेलॅनोमा होतो तो बऱ्याचदा नेमका तिथेच. उन्हाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. 'सावळ्या माणसांना कातडीचा कॅन्सर होत नाही' हे वाक्य मी दोन डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा समजला गेला होता. १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं, १९८१ मध्ये ते गेले, वय ३६. त्या यादीला २००४ मध्ये 'बदलतोय का' हे पाचवं अक्षर जोडलं गेलं. माझ्या वहीत तेवढं एकच होतं, बदल. तारखेसह, दशांशासह. आईच्या वेळी चौथं अक्षर आठवलं आणि पाचवं राहून गेलं.

२०२४ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात फोटोंवरून त्वचारोग ओळखण्यात तज्ज्ञांची अचूकता ३८ टक्के होती, साध्या डॉक्टरांची १९ टक्के, आणि गडद त्वचेचे फोटो असले की दोघांचीही ४ अंकांनी कमी. तो प्रयोग मुख्यतः इतर त्वचारोगांचा होता आणि फोटो म्हणजे समोर बसलेला रुग्ण नव्हे, हे मान्य. पण फरक कुठल्या बाजूला पडतो ते त्यात दिसतंच.

चौथी तक्रार माझी एकटीची नाही. आईला घेऊन कर्करोग विभागाबाहेर बसत असे तेव्हा जे बाक होते, त्यावरच्या माणसांची आहे. एका काकांच्या नाकाच्या बाजूला मोत्यासारखी चकाकणारी पुळी होती. खपली धरायची, पडायची, चष्मा टेकला की रक्त यायचं. तीन वर्षं मलमं झाली. बेसल सेल कार्सिनोमा शरीरात सहसा पसरत नाही, पण जागेवर आत पोखरत जातो. काकांची नाकपुडी गेली. गडद त्वचेत तो पुष्कळदा काळसर असतो, त्यामुळे तीळ समजून सोडून दिला जातो. एका बाईंच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा वण होता, त्यात जखम झाली. वर्षभर नुसतं ड्रेसिंग. जुन्या भाजल्याच्या वणात स्क्वेमस सेल कार्सिनोमा होतो, आणि अशा वणांतल्या जखमांचं वर्णन फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये केलंय. जवळजवळ दोनशे वर्षं झाली. या दोघांच्याही बाबतीत कुणी फार मोठी चूक केली नव्हती. 'एवढे दिवस झाले, बरं का होत नाही?' हा प्रश्न फक्त कुणी वेळेवर विचारला नव्हता.

पाचवी, थोडक्यात. तुकडा पाठवला की प्रश्न मिटला, असंही नाही. २०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८७ पॅथॉलॉजिस्टांना तिळांच्या आणि मेलॅनोमाच्या स्लाइड दाखवल्या होत्या. अगदी साध्या तिळांत त्यांचं निदान तज्ज्ञ मंडळाशी ९२ टक्के जुळलं, स्पष्ट खोलवर गेलेल्या मेलॅनोमात ७२ टक्के, आणि मधल्या तिन्ही गटांत २५, ४० आणि ४३ टक्के. तरी तुमच्याकडून पॅथॉलॉजीला जाणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा 'पायावरचा डाग' एवढंच असतं. कधीपासून, किती वाढला, आधी जाळलाय का, डर्मोस्कोपमध्ये काय दिसलं, यातलं काही नाही. आईच्या दुसऱ्या डॉक्टरांनी फोटोसकट पानभर लिहिलं होतं. ते शक्य आहे, मी पाहिलंय.

आता मोबाइलवर फोटो काढा, ॲप सांगेल, असं म्हणणाऱ्यांसाठी : कॉक्रेननं २०१८ मध्येच बजावलंय की त्या ॲपांवर विसंबलं तर मेलॅनोमा सुटून जाण्याचा मोठा धोका आहे. आणि २०२० च्या एका अभ्यासात दिसलं की संगणकानं चुकीचं उत्तर दिलं तर अनुभवी तज्ज्ञही त्याच्यामागे वाहवत जातात. चांगलं यंत्र चांगल्या डॉक्टरांच्या मदतीला आलं तर मला आनंदच आहे. पण पायाकडे नीट पाहण्याचं काम त्यानं टळत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. कुठलाही काळा, वाढणारा किंवा न भरणारा डाग डर्मोस्कोपनं पाहिल्याशिवाय त्याचं निदान पक्कं धरू नये. डर्मोस्कोपीचं प्रशिक्षण आणि परीक्षा त्वचारोगाच्या शिक्षणात सक्तीची करावी, तळपाय आणि नखांसकट.

२. शरीरावरून काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला जावा. रंग असलेला डाग तुकडा न घेता जाळू, गोठवू किंवा लेझरनं घालवू नये. रुग्णाला नको असेल तर त्याची तशी सही घ्यावी, म्हणजे निदान प्रश्न तरी विचारला जाईल.

३. पहिल्या भेटीत माप, तारीख आणि फोटो केसपेपरवर हवा. कुरूप, चामखीळ, इसब, जखम, जे काही म्हणून उपचार सुरू केले असतील, ते तीन महिन्यांत बरं झालं नाही तर बायोप्सी करावी किंवा दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवावं.

४. पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीत पूर्ण माहिती आणि फोटो असावा. मेलॅनोमाची शंका असलेल्या आणि मधल्या गटातल्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनंही पाहाव्यात.

५. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत सगळ्या रंगांच्या कातडीचे फोटो असावेत.

६. प्रत्येक विभागानं आपला ताळा ठेवावा : आम्हाला काय वाटलं आणि रिपोर्ट काय आला. वर्षातून एकदा तो सगळ्यांसमोर वाचावा. ही मागणी मी आग्रहानं करते, कारण ताळा ठेवला की सुधारणा होते हे माझं रोजचं काम मला सांगतं, आणि तुमच्याकडेही त्याचा दाखला आहे. जुझेप्पे अर्जेंझियानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २००७ या दहा वर्षांचे अनेक केंद्रांतले आकडे गोळा केले. एक मेलॅनोमा सापडण्यासाठी किती डाग कापावे लागतात, हे त्यांनी मोजलं. त्वचेच्या कर्करोगाला वाहिलेल्या केंद्रांत हा आकडा १२.८ वरून ६.८ वर आला. इतर ठिकाणी तो २९ च्या आसपास होता आणि दहा वर्षांत हललाच नाही.

कुणाची नोंदणी रद्द व्हावी, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तक्रारीतही नव्हतं. आईनंही त्या डॉक्टरांबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. शेवटच्या महिन्यात पाय उशीवर ठेवून पडलेली असताना तिनं मला एवढंच विचारलं, "तुझी ती वही त्यांना परत दाखवलीस का गं?"

ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून अकराव्या महिन्यापर्यंतची १४ मापं आणि पट्टी शेजारी धरून काढलेले २३ फोटो आहेत, सावळ्या तळपायावरच्या मेलॅनोमाचे, तारीखवार. तुमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला असे फोटो कमी पडतात, असं मी वाचलंय. हे सगळे मी विनामूल्य द्यायला तयार आहे. घरच्या सगळ्यांची लेखी संमतीही घेऊन ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणीही मागावेत, मी स्वतः आणून देईन आणि प्रत्येक फोटो कोणत्या दिवशी काढला, त्या दिवशी आईला काय सांगितलं गेलं होतं, तेही विद्यार्थ्यांना सांगेन.

आपली,
एका रुग्णाची मुलगी